लंगडणाऱ्या बैलाला कोणी जुंपत नाही

भाऊ, आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. 'शरीराचे ऐका' असे सांगून मी पोलीस भरतीच्या पोरांना नाजूक करतो, आपल्या वडिलांनी वैशाखाच्या उन्हात वखर हाकला तेव्हा शरीराला कोणी विचारले नव्हते, आणि 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये गॅब्रिएला अँडरसन-शीस झोकांड्या खात का होईना, मॅरेथॉन पूर्ण करूनच थांबली, असे आपण लिहिले आहे.

जिद्द हवीच. 1600 मीटरच्या शेवटच्या फेरीत छाती भरून येते आणि पाय उचलत नाहीत, तेव्हा थांबायचे नसते, कारण ती धाप आहे, इजा नव्हे. परंतु आपल्या खानदेशात वखर हाकणारा माणूस पहाटेच्या अंधारात औत जुंपे आणि ऊन चढले की सोडून देई. लंगडणाऱ्या बैलाच्या मानेवर तर कोणी जू ठेवत नसे. हे शहाणपण मी शहरातून आणलेले नाही.

अँडरसन-शीस 37 वी आली, पण त्या अखेरच्या फेरीत डॉक्टर तिच्यावर नजर ठेवून होते आणि तिला घाम येतो आहे हे पाहूनच त्यांनी तिला पुढे जाऊ दिले. आज तेवढ्या खुणेवर विसंबता येत नाही, कारण पळताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूही राहतो. बरळणे आणि तोल जाणे ही खरी खूण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि आपल्या मैदानांवर डॉक्टर नसतात. अशा वेळी मुलाला सावलीत घेऊन आधी गार पाण्याने भिजवावे, सोबतच गाडी बोलवावी.

मी स्वतः नडगीच्या दुखण्यावर पट्टी आवळून तीन आठवडे पळालो. हाडाला चीर गेली आणि त्या वर्षीची मैदानी चाचणी हुकली. आजही त्याची हळहळ वाटते.

म्हणूनच आपल्या पुतण्याविषयी लिहिलेले वाक्य मला अस्वस्थ करते. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणे निराळे, आणि त्याच्यासारखे नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी, रात्री झोपेतही दुखणे निराळे. त्याला याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावे, आणि अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी लगेच पळायला पाठवू नये.