कापोरेत्तोचा दोष सैनिकांच्या माथी मारू नका

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या अभ्यासगटात एक संदेश आला आणि त्याने तो ‘मावशी, हे खरं आहे का?’ असे विचारत मला पाठवला. संदेशाचा आशय असा: पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१७ मध्ये, कापोरेत्तोच्या लढाईत इटलीचा दारुण पराभव झाला तेव्हा तिचे तीन लाख भित्रे सैनिक न लढता शरण गेले, समाजवाद्यांनी आणि पोपने त्यांना फितवले होते, इटलीचा सरसेनापती कादोर्ना आपल्याच सैनिकांना गोळ्या घालत होता म्हणूनच सैन्य तोवर टिकले, आणि पुढे याच सैनिकांनी मुसोलिनीला सत्तेवर बसवले.

भित्रेपणाचा आरोप खुद्द कादोर्नाचाच आहे. २८ ऑक्टोबर १९१७ च्या युद्धपत्रकात त्याने इटलीच्याच ‘दुसरी सेना’ नावाच्या सैन्यविभागातील तुकड्यांवर दोष ढकलला. मात्र याच सैन्याने १९१५ पासून इसोन्झो नदीच्या आघाडीवर अकरा वेळा चढाई केली होती. २४ ऑक्टोबरला विषारी वायू आणि तोफांच्या माऱ्यानंतर जर्मन व ऑस्ट्रियन तुकड्या दरीतून आत घुसल्या आणि डोंगरमाथ्यावरच्या इटालियन फळ्या मागून वेढल्या गेल्या. कैद झालेल्यांपैकी कित्येक जण असे अडकलेले होते. माघारीत लाखो सैनिकांनी बंदुका टाकून घरची वाट धरली, हे मात्र मान्य करावेच लागेल.

ते त्या अवस्थेला का आले, हे समजून घ्यायचे तर गोळ्या घालण्याच्या मुद्द्याकडेच जावे लागते, आणि लष्करात जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या मनात तोच भरवला जावा याचा मला संताप येतो. दोषी सापडत नसेल तर संशयितांमधून चिठ्ठ्या टाकून माणसे निवडावीत आणि त्यांना गोळ्या घालाव्यात, हा अधिकाऱ्यांचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे कादोर्नाने नोव्हेंबर १९१६ मध्ये लेखी कळवले होते. जुलै १९१७ मध्ये कार्सोच्या खडकाळ पठारावर रक्त सांडून आलेल्या कातान्झारो ब्रिगेडला विश्रांतीऐवजी पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम मिळाला, तेव्हा सांता मारिया ला लोंगा येथे बंड झाले. २८ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यांतील १२ जण केवळ चिठ्ठीत नाव निघाले म्हणून मेले. युद्धकाळात लष्करी न्यायालयांच्या निकालाने सुमारे ७५० इटालियन सैनिकांना मृत्युदंड दिला गेला आणि खटल्याविना मारलेले त्याहून वेगळे. एवढे करूनही कापोरेत्तो घडलेच. त्यानंतर कादोर्नाच्या जागी सरसेनापती म्हणून आलेल्या दियाझने मृत्युदंड पूर्णपणे थांबवला नाही, परंतु जेवण सुधारले, रजा वाढवली, त्याच काळात सैनिकांना विमाही मिळाला. आणि तेच सैन्य जून १९१८ मध्ये पियावे नदीवर ठाम उभे राहिले.

शरण जाऊन सैनिकांनी सुख मिळवले, असे समजणाऱ्यांनी युद्धकैद्यांचे हाल पाहावेत. सुमारे सहा लाख इटालियन कैद्यांपैकी एक लाखाच्या आसपास छावण्यांत भुकेने आणि क्षयासारख्या रोगांनी मेले, कारण त्यांना मदत मिळाली तर आणखी सैनिक शरण जातील या भीतीने त्यांच्याच सरकारने सरकारी अन्नपुरवठा नाकारला.

फितुरीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये युद्धाला ‘निरर्थक कत्तल’ म्हटले, आणि त्याच महिन्यात तोरिनो शहरात पाव मिळेना म्हणून दंगल उसळली, हे खरे. परंतु सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाने १९१९ च्या अहवालात पराभवाचे मूळ प्रचारात नव्हे, तर प्रामुख्याने लष्करी नेतृत्वाच्या चुकांत आणि सैनिकांना मिळालेल्या वागणुकीत पाहिले. हा अहवाल त्याच राज्यसंस्थेचा आहे, समाजवाद्यांचा नव्हे.

राहिला मुसोलिनी. काही माजी सैनिक त्याच्या काळे सदरे घालणाऱ्या फासिस्ट टोळ्यांत सामील झाले, हे नाकारता येत नाही. परंतु नोव्हेंबर १९१९ च्या निवडणुकीत, लाखो सैनिक नुकतेच घरी परतले असताना, त्याच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. ५०८ पैकी १५६ जागा समाजवाद्यांनी आणि १०० कॅथलिक लोकपक्षाने जिंकल्या. पुढे सत्तेवर आल्यावर १९२४ मध्ये मुसोलिनीने मार्शलपद दिले ते कादोर्नाला.