शोक आहे, पण शिक्षा नाही

क्विअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) पात्राला मारायचं आणि वाचकाला रडवायचं, अशी पुस्तकांबद्दलची तक्रार तुमच्या लेखात आहे; ती पटली. पण किशोरांच्या फँटसीत मृत्यू दिसला की सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. एडन थॉमस यांची 'सिमेटरी बॉइज' (२०२०) ही कादंबरी घ्या. यातला याद्रिएल ट्रान्स मुलगा, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवलेला, पण मुलगा असलेला. त्याच्या समाजात बायका जखमा बऱ्या करतात, पुरुष भटकत्या आत्म्यांना पलीकडे पोचवतात. घरचे त्याला पुरुषांचा विधी करू देत नाहीत, म्हणून तो लपून करतो आणि मृत्युदेवता त्याला सरळ स्वीकारते! अडलंय ते फक्त घरच्यांचं. त्यात त्याला समजून घेणारी आई आता हयात नाही. म्हणजे दुःख आई गेल्याचं तर आहेच, शिवाय घरात आपली बाजू घेणारं हक्काचं माणूस उरलं नाही याचंही. इथे ओळख आणि शोक वेगळे काढताच येत नाहीत. (प्रेमकथा मात्र ठरावीक वळणानेच जाते, हेही सांगून टाकतो.) जादूने मेलेलं माणूस परत आणता येईल का, हा प्रश्न या प्रकारात कायम असतोच; मला जास्त उत्सुकता असते ती मागे उरलेल्यांची. त्यावर लेखात दोन ओळी तरी हव्या होत्या.