ठीक आहे म्हणजे नीलम

बँकॉकहून येऊन आठवडा झाला, तरी माझ्या निळ्या कुर्त्यावरचा डिंकाचा गोल निघालेला नाही. खोबरेल लावून झालं, लिंबू झालं. तिथे एक स्टिकर होता. त्यावर आमच्या बसचा नंबर होता आणि तो मला विचारून चिकटवलेला नव्हता.

कार्यक्रमपत्रिकेत 'बँकॉक सिटी टूर' या नावाखाली सोन्याचा बुद्ध, संगमरवरी मंदिर आणि 'जेम्स फॅक्टरी' अशी तीन स्थळं होती. बुद्धाला वीसेक मिनिटं, मंदिराला फोटोपुरती दहा, आणि फॅक्टरीला, गाईडच्या शब्दांत, "जितना टाइम चाहिए." मला शून्य मिनिटं हवी होती, पण तो पर्याय नव्हता. एसी बस आम्हाला उतरवून मागच्या मागे पार्किंगला गेली. बाहेर एप्रिलचं ऊन, आत गारवा. स्टिकर दारातच. कुठल्या बसच्या माणसाने काय घेतलं, त्यावरून कुणाला किती कमिशन द्यायचं ते ठरतं, हे मागाहून कळलं.

आत आधी एक फिल्म दाखवतात. त्यात कुदळ घेतलेले लोक डोंगरातून माणकं काढतात. नवऱ्याने तेवढ्यात मोबाईलवर वाचून माझ्या कानात सांगितलं, की हल्ली बरीचशी कच्ची माणकं मोझांबिकहून येतात आणि थायलंडमधल्या चांथाबुरीला भट्टीत तापवून त्यांचा रंग खुलवतात. एवढं ज्ञान देऊन तो टॉयलेटला गेला आणि मी रत्नांच्या दालनात एकटी सापडले.

एकटी म्हणजे पूजाबरोबर. पूजा थाई होती, पण छातीवर 'पूजा' अशी देवनागरी पाटी होती. आधी तिने माझा स्टिकर वाचला, मग माझा चेहरा.

"दीदी, शादी हुआ?"

"हुआ."

"पति किधर?"

"टॉयलेट."

"पति अच्छा?"

आता या प्रश्नाला परक्या देशात, काचेच्या कपाटासमोर उभं राहून काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "ठीक है."

पूजाने गंभीरपणे मान हलवली. अशा बायका तिच्याकडे रोज येत असाव्यात. "ठीक है मतलब नीलम," ती म्हणाली. "बहुत अच्छा है मतलब रूबी."

मग तिने मखमली ट्रे काढला. मी म्हटलं, फक्त बघतेय. ती म्हणाली, "देखने का पैसा नहीं," आणि माझ्या बोटात अंगठी घातली. अंगठी सांध्यावर अडली. तिने ती मोठ्या धीराने आत रेटली, बाहेर काढण्याची जबाबदारी मात्र घेतली नाही. एका हाताने माझा हात धरून दुसऱ्या हाताने कॅल्क्युलेटरवर आकडा मारला. बाटचे रुपये करायला साधारण अडीच-तीनने गुणायचं असतं. मी ते तोंडी करेपर्यंत तिने आकडा पुसून दुसरा मारला. "लास्ट प्राइस." मी मान हलवली. तिसरा. "लास्ट लास्ट." मग कॅल्क्युलेटर माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "दीदी का प्राइस?"

मी शून्य दाबलं. विनोद म्हणून.

तिने शून्याकडे बघितलं आणि मग माझ्या मंगळसूत्राकडे. "ये ओल्ड डिझाइन," तिने निदान केलं.

त्या सकाळीच आम्ही 'वाट त्रायमित' नावाच्या मंदिरात सोन्याचा बुद्ध पाहिला होता. सुमारे साडेपाच टन वजनाची मूर्ती. कित्येक वर्षं तिच्यावर गिलावा होता आणि लोक ती साधी चुन्याची समजत. 1955 मध्ये नव्या जागी हलवताना ती पडली, टवका उडाला आणि आतलं सोनं दिसलं. मला वाटतं, तेव्हा पूजाला बोलावलं असतं तर पाडापाडीची गरजच नव्हती. माझ्या गिलाव्याखाली काही नाही, हे तिने एका शून्यावरून ओळखलं.

नवरा परत आला. पूजाने त्याला नीट न्याहाळलं आणि माणकांचा ट्रे कायमचा आत ठेवला.

तिथून आमची उतरण सुरू झाली. रत्नं नाहीत तर चांदी. चांदी नाही तर चामडं: मगरीचे पट्टे, पाकट माशाच्या खडबडीत पर्सेस. ते नको तर कापडी हत्ती, बाम, वाळवलेले आंबे. (वाळवलेले आंबे! रत्नागिरीचं माहेर असलेल्या बाईला!) प्रत्येक दालनात नवी मुलगी, आणि प्रत्येकीचं हसू आधीच्या मुलीपेक्षा थोडं कमी. हत्तींपाशी तर कुणी हसतही नव्हतं. बाहेरचं दार या सगळ्याच्या शेवटी होतं. मध्ये सुटायला वाट नाही, आल्या वाटेने परत जायला मनाई.

खरा राग आला तो बसपाशी. गाईड पाण्याच्या बाटल्या वाटत होता. ज्यांच्या हातात दुकानाच्या पिशव्या होत्या त्यांना गार बाटली मिळाली, हसून. आमच्यापर्यंत खोकं आलं तेव्हा ते रिकामं झालं होतं. म्हणजे, तो तसं म्हणाला. माझ्या जागेवरून मला आत दोन बाटल्या दिसत होत्या.

गाईडवर तरी किती चिडायचं? इतक्या कमी पैशात विमान, हॉटेल, पनीर आणि पट्टायाचा अलकाझार नाच-गाण्याचा शो बसत नाहीत, हे आम्हाला समजत नव्हतं असं नाही. खड्डा दुकानाच्या कमिशनमधून भरतात. 2016 मध्ये थायलंडच्या सरकारने चिनी पर्यटकांच्या अशा 'झिरो डॉलर' सहलींवर कारवाई केली, बसगाड्या जप्त केल्या. पण मग पत्रिकेत 'स्थलदर्शन' का छापता? सरळ लिहा, दुपारी 12 ते 2 तुम्हाला विकायला नेऊ. आमच्याकडचे लोक तरीही येतील. बायकोला गार हवा मिळेल म्हणून येतील.

दुसऱ्या दिवशी मोकळा वेळ होता. आम्ही बीटीएसने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, असोक स्टेशनला गेलो आणि टर्मिनल 21 या मॉलमध्ये शिरलो. एक मजला टोकियो, एक लंडन, एक इस्तंबूल. आम्ही लंडनमध्ये काही घेतलं नाही, इस्तंबूलमध्येही नाही, आणि कुणालाही वाईट वाटलं नाही. वरच्या फूड कोर्टात कार्डावर पैसे भरतात, जेवतात आणि उरलेले पैसे काउंटरवर परत मिळतात. परत! मागितल्यावर! मी ती नाणी हातात घेऊन जरा वेळ तिथेच उभी राहिले. संध्याकाळी आयकॉनसियाम या दुसऱ्या मॉलमध्ये गेलो. तिथे तळमजल्यावर पाणी खेळवून तरंगता बाजार मांडलाय आणि काचेबाहेर खरी चाओ फ्राया नदी फुकट वाहतेय. मूर्खपणाच आहे, पण निदान स्टिकर लावत नाहीत.

परवा त्याच टूरवाल्यांचं व्हिएतनामचं पत्रक आलं. दर फारच कमी आहे, नवरा दोनदा वाचून बसलाय. तिसऱ्या दिवशी 'मोत्यांचा कारखाना, प्रवेश मोफत.' बाहेर पडायचं काय घेतात, ते छापलेलं नाही.