‘घरी न्या, सेवा करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या तासगावच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. धाकटी भावजय सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. जिल्ह्यातल्या नर्सेसना पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसाच्या वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, शिकवायला हवं, असं तिनं लिहिलं. त्यावर दादाचं उत्तर आलं: “शेवटची सेवा घरची माणसं करतात. परदेशी थेरं इकडं नकोत. तिकडं म्हाताऱ्यांना विचारतं कोण?”

मी विचारते, दादा. इंग्लंडमध्ये, लीड्सला डिस्ट्रिक्ट नर्स म्हणून रोज घरोघरी जाऊन विचारते. सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे कातडीखाली हळूहळू औषध सोडणारा छोटा पंप, चोवीस तासांसाठी भरते, तोंड ओलं करते, लेकीला शेजारी बसवून सांगते की आता घशात घरघर वाजेल, घाबरू नकोस. घरची माणसं इथंही असतात. फक्त त्यांना कुणी वाऱ्यावर सोडत नाही.

आपल्याकडं अर्ध्या कर्नाटकातून माणसं मिरजेला उपचाराला येतात. पण उपचार संपले की ‘घरी न्या, सेवा करा’. पुढं? तोंडानं दिलेल्या साध्या मॉर्फिनचा, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाचा, असर चारेक तास टिकतो, म्हणून माणूस कळवळेपर्यंत थांबायचं नसतं. त्याच्यासोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही द्यावं लागतं. गिळता येत नसताना बळंच भरवलेली पेज फुप्फुसात जाते. हे मायेनं आपोआप कळत नाही. आणि थेरं परदेशी कशी? केरळनं 2008 साली यासाठी सरकारी धोरण केलं, तिथं शिकलेल्या नर्स गावोगाव घरी जातात. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून 1985 चा अमली पदार्थांचा कायदासुद्धा 2014 मध्ये आपल्याच संसदेनं बदलला.

आबांचं सगळं वहिनीनं केलं. त्यांच्या पाठीला जखम झाली ती तिच्या हयगयीनं नव्हे. कूस किती वेळानं बदलायची, टाचांखाली उशी कशी द्यायची, हे तिला घरी येऊन कुणी दाखवलंच नव्हतं. मी व्हिडिओ कॉलवर सांगत होते आणि फोन ठेवून परक्या आजोबांची कूस बदलायला जात होते. मिरजेत शिकलेले माझे हात आबांच्या कामी आले नाहीत. म्हणून तू ‘तिकडं’ म्हणालास की मला राग येतो. इथं मला सगळे ‘इंडियाची नर्स’ म्हणतात, आणि तू मला तिकडची करून टाकलंस.

माझं राहू दे. धाकटीला शिकायला जाऊ दे. फी मी भरते. तिच्या पोरांना तेवढे दिवस तू आणि वहिनी सांभाळा.