मारुती ८०० मध्ये ‘ओम्नीचे इंजिन’: एका संदेशाचा प्रतिवाद

जुन्या मारुती ८०० च्या मालकांमध्ये एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की जुन्या इंजिनाच्या दुरुस्तीचे खर्चिक काम काढण्यापेक्षा भंगार बाजारातून ओम्नीचे किंवा अल्टोचे इंजिन आणावे. ते एका दिवसात बसते, आरटीओला कळवावे लागत नाही आणि गाडीचे आयुष्य आणखी १५ वर्षांनी वाढते. ही गाडी अनेक घरांतली पहिली गाडी होती आणि ती टिकावी असे मलाही मनापासून वाटते. म्हणूनच या सल्ल्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाच्या) ८०० मध्ये आणि ओम्नीमध्ये ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे, एकाच कुळातले इंजिन आहे, हे खरे. गोंधळाचे मूळही तिथेच आहे. ८०० मध्ये ते बॉनेटखाली आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते, तर ओम्नीमध्ये ते पुढच्या सीटखाली गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते. त्यामुळे माउंटिंगच्या जागा, गिअरबॉक्सची जोडणी आणि पाइपांची मांडणी जुळत नाही. आतले काही सुटे भाग कामी येतील, पण अख्खे इंजिन उचलून ठेवता येत नाही. अल्टोचे १२ व्हॉल्व्हचे इंजिन एमपीएफआय (संगणकाच्या नियंत्रणाखाली इंधन फवारणारे) असल्याने कार्बोरेटरच्या गाडीत त्यासाठी टाकीतला इंधनपंप, ईसीएम (इंजिनाचा नियंत्रक संगणक), सेन्सर आणि संपूर्ण वायरिंग नव्याने घालावे लागते. हे एका दिवसाचे काम नव्हे.

आरटीओबद्दलचे विधान तर सरळ चुकीचे आहे. इंजिन नंबर आरसीवर आणि विमा पॉलिसीवर नोंदलेला असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यास १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावे लागते. कायद्यात न बसणाऱ्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शिवाय कागदपत्रांविना घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर जाब नव्या मालकालाच द्यावा लागतो.

गाडीचे वय नोंदणीच्या तारखेपासून मोजले जाते, इंजिनाच्या नव्हे. खासगी गाडीची १५ वर्षांची मुदत संपली की तपासणीनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, मग इंजिन कोणतेही असो. कोकणच्या दमट हवेत गंजलेली फ्लोअर किंवा सस्पेन्शनचे गंजलेले भाग इंजिन बदलून दुरुस्त होत नाहीत, हेही इथेच सांगायला हवे.

संदेशात ज्याला खर्चिक म्हणून बाजूला सारले आहे, ते मूळ इंजिनाचे काम माझ्या मते बहुतेकांसाठी अधिक योग्य आहे. सिलिंडर बोअर करून (आतून किंचित रुंद करून) ओव्हरसाइझ, म्हणजे थोडे मोठे, पिस्टन-रिंग घालणे, बेअरिंग आणि सील बदलणे, हेड दुरुस्त करणे, हे सगळे त्याच ब्लॉकवर, म्हणजे इंजिन नंबर कोरलेल्या मुख्य सांगाड्यावर, होते. त्यामुळे नंबर तोच राहतो आणि नोंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. ब्लॉकलाच तडा गेला असेल, तर मात्र इंजिन बदलणे भाग पडते. तेव्हा ते त्याच मॉडेलचे असावे, विकत घेण्यापूर्वी तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) तपासून घ्यावे, बसवण्याआधीच टायमिंग बेल्ट आणि सील बदलावेत, आणि पक्के बिल व मूळ गाडीच्या आरसीची प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.