चाळीस टक्क्यांवरून आलेल्या रागाला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय, "ब्रेन हॅमरेज झालेल्या १०० पैकी ४० जण महिनाभरात जातात, असलं लिहून लोकांचे हातपाय गाळू नका. आमच्या दादांनाही 'घरी घेऊन जा' म्हणाले होते. आज ते परभणीला एकटे बाजारला जातात. बीपी नॉर्मल आहे, गोळीसुद्धा बंद केली."

आकडा मी मागं घेणार नाही. पण तो अर्धवट लिहिला, ही चूक माझीच. सगळे पेशंट एका मापाचे नसतात. माणूस किती शुद्धीवर आहे, मेंदूत सांडलेलं रक्त ३० मिलिलिटरच्या आत आहे की वर, मेंदूच्या पोकळ्यांत उतरलंय का, लहान मेंदूत किंवा मेंदूच्या देठात आहे का, वय ८० च्या पुढं आहे का, यावरून डॉक्टर अंदाज बांधतात. शुद्धीत असलेल्या, थोडंच रक्त सांडलेल्या माणसाला ४० टक्के लावायचे नसतात.

शिवाय त्या ४० मध्ये 'आता उपयोग नाही' म्हणून ज्यांचे उपचार लवकर थांबवले, तेही मोजलेले असतात. म्हणूनच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या नियमावलीत, कमीत कमी दवाखान्यातला दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत हात टेकायचा निर्णय घेऊ नका, असं सांगितलंय. तुमचा राग इथं शंभर टक्के खरा.

पण सगळ्यांचे दादा बाजारला जात नाहीत. सहा महिन्यांनी आपलं आपण सगळं करू शकणारे साधारण पाचात एक. आमची मावशी वाचली, सहा वर्षं जगली, पण उजव्या हातानं पुन्हा भाकरी थापता आली नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते, आणि नेमके तेच महिने आम्ही घालवले. पारव्याचं रक्त चोळा म्हणणारे गल्लीगल्लीत भेटले, फिजिओथेरपीचं नाव कुणी काढलं नाही. आम्हीही विचारलं नाही म्हणा.

आता त्या गोळीचं. बीपी गोळीमुळं नॉर्मल होतं, ताई. हॅमरेज होऊन गेलेल्याला दुसऱ्यांदा होण्याचा धोका राहतोच, आणि तो कमी करायचा तर वरचा आकडा १३० च्या आत ठेवावा लागतो, डोकं दुखो न दुखो. बाकीचं भांडण नंतर करू. उद्या सकाळी दादांना आरोग्य केंद्रात नेऊन बीपी मोजा, गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि किती भरलं ते इथं कळवा.