प्रीलोड फुल टाइट म्हणजे ऑफरोड सेटिंग नव्हे

ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, यावेळी हिरोच्या एक्सपल्स बाइकवाल्यांसाठी: "ऑफरोडला जायच्या आधी मागचा प्रीलोड फुल टाइट करा, फोर्कमध्ये २० डब्ल्यू ऑइल भरा, सस्पेन्शन जेवढं कडक तेवढी गाडी हातात, आणि पैसे असतील तर लांब शॉकअप टाका." फोर्क म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, शॉकअप मागच्याचं, आणि २० डब्ल्यू म्हणजे जाड ऑइल. यातलं पहिलं-दुसरं मी स्वतः करून बसलोय आणि भर पावसाळ्यात ओल्या दगडांवर पुढचं चाक सटकून पडलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते पान्याने टप्प्याटप्प्याने ठरवणं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. प्रीलोड फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी किती उंच उभी राहणार ते बदलतं. आपण बसल्यावर सस्पेन्शन जेवढं खाली बसतं त्याला सॅग म्हणतात आणि ऑफरोडला तो एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जेवढं हलू शकतं त्या अंतराच्या, साधारण एक तृतीयांश लागतो. साध्या एक्सपल्स २०० ला मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे सॅग ५५ मिमीच्या आसपास. हे ५५ मिमी वाया जात नाहीत, चाक खड्ड्यात उतरताना त्याला खाली जायला जी जागा लागते ती हीच, आणि फुल टाइट करून तुम्ही तीच खाऊन टाकता, मग चाक खड्ड्यावरून तसंच हवेत जातं आणि जमीन सुटली की ग्रिप गेली. वर मागची बाजू उचलली गेल्याने वजन पुढे येतं आणि उतारावर हँडल चंचल होतं ते वेगळंच. शंभर किलोचा माणूस सामान बांधून स्पितीला निघाला तर त्याला लागेलही वरचा टप्पा, पण साठ किलोच्या पोराला तोच टप्पा सांगणं चूकच आहे!

मोजायला टेप आणि एक मित्र पुरे. मागचं चाक उचलून अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्या, मग हेल्मेट-बुटांसकट सगळा रायडिंग गिअर अंगावर घालून बसा आणि तेच अंतर परत घ्या, वजाबाकी केली की सॅग. आणि आकडा जुळवताना प्रीलोड एवढा चढवावा लागला की रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही खाली बसत नाही, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच नरम आहे, तिथे स्प्रिंग बदलायची, पाना नाही फिरवायचा.

आता जाड ऑइल. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, ऑइल फक्त हालचालीचा वेग आवरतं. साध्या फोर्कमध्ये ऑइल ठरलेल्या भोकांतून जातं, दगड जोरात लागला की जाड ऑइल तिथून पटकन निघत नाही आणि सगळा दणका मनगटात येतो. शिवाय तेच ऑइल फोर्कचं परत वर येणंही मंद करतं, एका दगडावरून तो पूर्ण उघडतोय तोवर दुसरा दगड येतो, मग तिसरा, आणि चार-पाच दगडांत फोर्क खालीच दाबून राहतो. माझं नेमकं हेच झालं होतं. फोर्क तळाला धाडकन आपटत असेल तर ऑइलची पातळी पाच-पाच मिमी वाढवून बघा, वरची कोंडलेली हवा शेवटच्या टप्प्यात स्प्रिंगचं काम करते. आणि हो, दोन कंपन्यांचं १० डब्ल्यू एकसारखं असेलच असं नाही, डब्यावर ४० डिग्रीला किती सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) लिहिलंय ते बघून घ्या.

कडक म्हणजे कंट्रोल, याचं उत्तर वर आलंच. टायर जमिनीला चिकटून राहिला तर कंट्रोल.

लांब शॉकअप वाईट नाही, एक्सपल्स २०० च्या प्रो मॉडेलला पुढे २५० आणि मागे २२० मिमी ट्रॅव्हल आहेच, पण तिथे पुढचं-मागचं जोडीने वाढवलंय, पुढेही अ‍ॅडजस्टमेंट दिलीय, आणि सीट ८९१ मिमीवर गेलीय. नुसता मागचा लांब शॉकअप टाकला तर शेपूट वर, चेनचा कोन बदलला, साइड स्टँड आखूड पडला आणि चढावर थांबल्यावर पाय जमिनीला टेकत नाही.

मी २० डब्ल्यू काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरलं, सॅग मोजत मोजत प्रीलोड चार टप्पे सोडला, नवीन काहीच विकत घेतलं नाही. त्याच ओल्या दगडांवरून आता पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभा राहून सेकंड गिअरमध्ये पार होतो.